दहावी, व्हाया धुळे

रासायनिक तराजूचा काटा एकदम थांबत नाही. पारड्यांत काहीही नसलं तरी तो आधी डावीकडे जातो, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, पण मघापेक्षा थोडा कमी. काचेची पेटी बंद असेल तर हे शांतपणे चालतं. पेटीचं दार उघडं राहिलं तर नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानेही काटा बावचळतो. हे सगळं मी बाहेरून पाहिलेलं आहे. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर वीज केंद्राची राख बसायची. ती मी वेणीच्या रिबिनीच्या टोकाने पुसायची आणि तेवढ्याच स्वच्छ काचेतून आत बघायची. काटा पुरता थांबलेला मात्र मी कधी पाहिला नव्हता, कारण तोवर मधली सुट्टी संपायची.

प्रयोगशाळेत जायचा हक्क फक्त दहावीला होता. आम्ही नववीवाले प्रयोग वहीत करत असू. आकृती पेन्सिलीने, कृती निळ्या शाईने. निष्कर्ष सर आधीच फळ्यावर लिहून ठेवायचे, म्हणजे प्रयोग चुकण्याची शक्यता उरत नसे. मला या वहीचा फार कंटाळा आला होता. वर्गात बसल्या बसल्या माझे पाय बाकाखाली आपोआप हलायचे आणि पुढची मुलगी मागे वळून म्हणायची की बाक शिवणयंत्र झालंय.

१९८९ सालचा जुलै. आम्ही दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. माझे वडील, ज्यांना मी भाऊ म्हणते, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. शेजारच्या क्वार्टरमधली हमीदा दहावीत होती आणि बीजगणिताशी तिचं भांडण होतं. त्या संध्याकाळी तिची उदाहरणं सोडवून झाल्यावर मी वही मिटली आणि म्हटलं, "ही परीक्षा मला आत्ताही देता येईल."

हे माझ्या मते एक निरीक्षण होतं. थर्मामीटर बघून ताप सांगावा तसं. पण त्याच खोलीत भाऊ पहिली पाळी करून चहा पीत बसले होते आणि त्यांच्यासमोर तोतारामकाका होते. या दोघांच्या उपस्थितीत निरीक्षण फार काळ निरीक्षण राहत नाही.

तोतारामकाका भाऊंचे मित्र, स्टोअरमध्ये नोकरीला. स्टोअरमध्ये मागितलेली वस्तू कधीच नसायची, पण ती कुठे मिळेल हे काकांना माहीत असायचं. जगातल्या प्रत्येक कचेरीत त्यांचा एक 'आपला माणूस' होता. रेशन कार्डाला, गॅसच्या नंबराला, रेल्वेच्या बर्थला, सगळीकडे. काकांनी बशी खाली ठेवली.

"मग देऊन टाक ना. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. वर्ष वाचेल."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायची सोय. तो नापासांसाठी, शाळा सुटलेल्यांसाठी आणि लवकर लग्न झालेल्या बायकांसाठी असतो अशी माझी समजूत होती. काकांनी ती दूर केली. तो हुशारांसाठीही असतो, फक्त ते हुशारांना माहीत नसतं, असं ते म्हणाले. भाऊंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. आमच्या घरात शिक्षणाविषयीचा कोणताही ठराव असाच पास होत असे.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ते 'शिका' म्हणाले. 'उरका' नाही म्हणाले."

या सूचनेला अनुमोदक मिळाला नाही.

वसाहतीत बातमी पसरायला भोंग्याची गरज नव्हती. दोन दिवसांत सगळ्यांना माझं वर्ष वाचणार हे कळलं, आणि त्या वाचलेल्या वर्षाचं काय करायचं हा सार्वजनिक प्रश्न झाला. हमीदाची आई अमिनाबी म्हणाली, भुसावळला शिवणाचा क्लास आहे, वर्षात फ्रॉकपासून सफारीपर्यंत सगळं शिकवतात. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंचं म्हणणं पडलं की टायपिंगसारखं दुसरं काही नाही, बोटांना वळण लागतं. धुळ्याहून नर्मदाआत्याचा निरोप आला की वर्ष वाचतंय तर तिच्या पाहण्यात एक मुलगा आहे, जिल्हा परिषदेत चिकटलाय, नुसतं नजरेखालून घालायला काय हरकत आहे. भाऊंचा हिशोब वेगळाच होता. मी एक वर्ष आधी डॉक्टर होणार होते, म्हणजे एक वर्षाचे रोगी जास्तीचे बरे होणार होते. ते रोगी त्यांना दिसू लागले होते. एकाच वर्षात शिवण, टायपिंग, संसार आणि रोगी हे सगळं मला उरकायचं होतं आणि त्यासाठी आधी नववी सोडायची होती.

मला काय हवंय हे कोणी विचारलं नाही, हे खरं. पण मीही सांगितलं नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. दहावी म्हणजे प्रयोगशाळा. दहावी लवकर म्हणजे तराजू लवकर. एवढंच माझं समीकरण होतं.

ते चुकलंय हे ऑगस्टमध्ये कळलं, आणि तेही हमीदाकडून, जिला समीकरणं सुटत नसत. ती गुरुवारी प्रॅक्टिकल करून आली होती. ओढणीला आम्लाचं छिद्र पडलं होतं आणि अमिनाबीचं बोलणं चुकवायला ती आमच्याकडे येऊन बसली होती. मी तराजूबद्दल विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू तुला, तो काटा थांबेपर्यंत तासच संपतो. वैताग नुसता." मी म्हटलं, मला चालेल, मी थांबेन. तेव्हा ती हसली.

"तू कशी थांबशील, यशू? तू तर शाळेतच नसणार. बाहेरून बसणाऱ्याला आत कोण घेतंय?"

मी सगळ्या शक्यता तपासल्या. हमीदाचं बरोबर होतं. दहावी बाहेरून दिली तर प्रयोगशाळाही कायमची बाहेरूनच राहणार होती. शाळेची पायरी गाळून मी नेमकी तीच पायरी गाळत होते जिच्यासाठी चढायला निघाले होते. इतकी साधी गोष्ट मला दिसली नव्हती, आणि मी मनातल्या मनात स्वतःला वैज्ञानिक समजत होते.

त्याच दिवशी भाऊंना सांगून टाकायचं मी ठरवलं. पण भाऊ घरी आले ते दिवाळीचा शर्ट घालून. ते शाळेत मुख्याध्यापकांना भेटून आले होते. मुख्याध्यापक म्हणाले होते की अशी मुलगी शाळेच्या इतिहासात झाली नाही. दाखल्याचा अर्ज त्यांनी मंजूर केला होता, फक्त फॉर्म स्वीकारल्याचा कागद आला की दाखला हातात देणार होते. भाऊंनी हे आईला सांगितलं, मग अमिनाबीला, मग कुंपणापलीकडून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरवाल्याला. मी ठरवलं की उद्या सांगू.

उद्या काकांनी धुळ्याचं जमवून आणलं.

आता, जळगावला बाहेरून बसायची सोय नव्हती असं नाही. भुसावळलाही होती. आमच्या घरापासून सायकलने जाता येईल अशा शाळेत तो फॉर्म मिळत होता, हे नंतर कळलं. पण तिथे आपला माणूस नव्हता. आपला माणूस धुळ्याला होता. काकांचे साडू, चुडामण नावाचे, तिथल्या एका शाळेत हेडक्लार्क होते. शिवाय नर्मदाआत्या धुळ्यालाच, म्हणजे पत्ता तिचा दाखवता येईल. ओळख नसलेल्या खिडकीवर सरळ उभं राहणं आमच्याकडे आत्मविश्वासाचं नव्हे, अनाथपणाचं लक्षण मानतात. म्हणून शेजारचं काम करायला आम्ही जिल्हा ओलांडला.

आपल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. भाऊंनी यावलहून केळीचा अख्खा घड मागवला. घड हिरवा होता, माझ्या खांद्याइतका उंच होता आणि एसटीच्या कंडक्टरच्या मते तो प्रवासी होता. भाऊंच्या मते तो सामान होता. काकांच्या मते तो भेटवस्तू होता आणि भेटवस्तूला तिकीट नसतं. एरंडोलपर्यंत हा वाद चालला. पारोळ्याला कंडक्टरने हार मानली, पण घडाला सीटवर बसू दिलं नाही, त्यामुळे तो माझ्या मांडीवर आला. धुळ्याला उतरले तेव्हा माझ्या शाळेच्या गणवेशावर चिकाचे डाग होते. केळीचा चीक कशानेही निघत नाही. हे मी नंतर रॉकेल, लिंबू आणि धुण्याचा सोडा वापरून सिद्ध केलं आहे.

चुडामणसाहेब हळदीला शिरपूरला गेले होते.

घड परत नेणं शक्य नव्हतं. तो आत्याच्या घरी खाटेखाली, गव्हाच्या पोत्याजवळ ठेवला. आत्या म्हणाली, पुढच्या आठवड्यात या, तोवर मी सांभाळते. परतीच्या बसमध्ये काकांनी समजावलं की पहिल्या खेपेला काम होत नसतंच, पहिली खेप तोंडओळखीची असते. तोंड कोणाचंच दिसलं नव्हतं.

इकडे शाळेत मी हळूहळू नाहीशी होत होते. वर्गशिक्षिका हजेरी घेताना माझ्या नंबरावर थबकायच्या आणि "ही तर गेलीच" म्हणून पुढे जायच्या. मी "हजर" म्हणायची तेव्हा वर्ग हसायचा. वर्गाचं मॉनिटरपद काढून दुसऱ्या मुलीला दिलं. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला झाडाचं काम मिळालं होतं, ते सुद्धा गेलं, कारण डिसेंबरपर्यंत झाड शाळेत असेल याची खात्री नव्हती. सहामाही परीक्षेत माझी उत्तरपत्रिका तपासताना सरांनी वर लिहिलं, 'आता याची काय गरज?' नववीत मी होते आणि नव्हते. दहावीत तर नव्हतेच. रस्त्याने चालतानाही मला वाटायचं की मी एका बसमधून उतरले आहे आणि दुसरी अजून आलेली नाही, आणि सगळे मला निरोप देऊन घरी गेलेत.

आता मी जात नाही असं सांगायचं म्हणजे या सगळ्यांसमोर परत हजर व्हायचं. चौदाव्या वर्षी माणसाला अब्रू फार असते. मी पाय हलवत बसून राहिले.

दुसऱ्या खेपेला चुडामणसाहेब भेटले. माणूस खरोखर चांगला होता. त्यांनी चहा मागवला, काकांच्या बायकोची चौकशी केली, मला "बेटा" म्हणाले आणि जन्मतारीख विचारली.

इथे भाऊंचा प्रामाणिकपणा आडवा आला. माझा खरा जन्म जानेवारीतला. पण यावलला आजीने मला शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला, तो लागला, आणि त्यांनी मागच्या वर्षीचा एक जून लिहिला. त्या वर्गातल्या सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला येतो. भाऊंना हे कायम खुपत होतं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरची तारीख जन्मभर राहते, तर आता ती खरी करून घ्यावी, असं त्यांनी चुडामणसाहेबांना सुचवलं. साहेबांनी बोटांवर मोजून पाहिलं. एक जून धरली तर मी परीक्षेच्या वयाला बसत होते. जानेवारी धरला तर बसत नव्हते.

"देवचंदभाऊ," काका भाऊंना हळूच म्हणाले, "खरं बोलायला सगळं आयुष्य पडलंय."

यावर बराच वेळ चर्चा झाली. मी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. दगडाचं वजन कोणी उचललं त्यावर बदलत नाही. माझं वय मात्र समोर कोण आहे त्याप्रमाणे कमीजास्त होत होतं. शेवटी मला परीक्षेपुरतं एक जूनला जन्माला घालायचं ठरलं. भाऊंचा चेहरा पडला.

मग पुढचा रकाना आला. शाळा सोडण्याचं कारण.

चुडामणसाहेबांनी नेहमीची कारणं वाचून दाखवली. घरची गरिबी. आजारपण. वडिलांचं निधन. विवाह. काका म्हणाले, गरिबी लिहा, कोणी तपासत नाही. भाऊ ताठ झाले. आपण सरकारी पगाराचे कायम नोकर आहोत, मुलीला कधी फाटकी चप्पल घालू दिली नाही, आणि तिच्या मॅट्रिकच्या कागदावर गरिबी लिहू देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आजारपण लिहा. पण आजाराला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि मला चार वर्षांत सर्दीसुद्धा झाली नव्हती. वडिलांच्या निधनाबद्दल भाऊ स्वतःच समोर बसले असल्यामुळे कोणी आग्रह धरला नाही. उरला विवाह. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या गणवेशावर चिकाचे डाग अजून होते. मी डाग हाताने झाकले.

"हुशार आहे म्हणून, असं लिहिता येत नाही का?" भाऊंनी विचारलं.

"तसा रकाना नाही," चुडामणसाहेब खरोखर खेदाने म्हणाले. कारण नंतर शांतपणे ठरवू, बाकीचा फॉर्म मी स्वतः व्यवस्थित भरून ठेवतो, तुम्ही फक्त सहीला या, असं त्यांनी आश्वासन दिलं. आपला माणूस यालाच म्हणतात, असं काका जिन्यावर म्हणाले.

घड द्यायचा राहिलाच. आत्याकडे जाऊन पाहिलं तर गव्हाच्या पोत्याला टेकलेली केळी पिवळी झाली होती आणि भिंतीकडची अजून हिरवी होती. पोत्याच्या बाजूला ऊब धरून राहते म्हणून हे होतंय की आणखी कशाने, हे तपासायला मी एक फणी काढून कोरड्या फरशीवर वेगळी ठेवली. आत्याने ती अर्ध्या तासात शिकरणीत घातली. माझ्या संशोधनाला तेव्हा सगळीकडून असाच पाठिंबा मिळत होता.

ऑक्टोबरअखेर भरताची वांगी निघाली आणि भाऊंनी भरीत पार्टी दिली. यावलच्या रस्त्याला त्यांच्या एका मित्राचं शेत होतं तिथे. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली, लाकडी परातीत बडवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि निम्मी कंट्रोल रूम मांडी घालून बसली. पार्टीचं कारण म्हणजे मी. फॉर्म अजून गेला नव्हता, दाखला निघाला नव्हता, परीक्षा मार्चमध्ये होती, आणि पास झाल्याची पार्टी खाऊन झाली. कोणीतरी म्हणालं, पोरीने दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. वांग्याचा धूर डोळ्यांत जात होता. सगळ्यांच्या बोटांना भरीत लागलं होतं आणि सगळे माझ्याकडे प्रेमाने पाहत होते. मी म्हणणार होते की मला नववीत राहू द्या. मी म्हणाले, "भरीत छान झालंय." टाळ्या पडल्या. भाऊंनी डोळे पुसले. धुरामुळेच असावं.

परत येताना आईने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माझ्या शेजारी बसून विचारलं, "पोट दुखतंय का?" मी नाही म्हटलं. तिने माझ्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत तो उचलला नाही.

विलंब शुल्काची तारीख जवळ आली तेव्हा आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. चुडामणसाहेबांनी सकाळची वेळ दिली होती म्हणून आदल्या दिवशीच आत्याकडे मुक्कामाला. खाटेखालचा घड आता काळा पडला होता आणि त्यावर चिलटांची वेगळीच वसाहत झाली होती. उंबऱ्याजवळ आत्याच्या सासूबाई, भिकुबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात बसून शेंगा फोडू लागले. हाताला काम असलं की माझे पाय थांबतात. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

"एवढी घाई कसानी शे व माय?"

मी आणखी एक शेंग फोडली.

"वरीस वाचाडीसन काय करशी?"

हा प्रश्न जुलैपासून सगळ्यांनी एकमेकांना विचारला होता आणि उत्तरंही दिली होती. मला तो पहिल्यांदाच कोणीतरी विचारला. मी उत्तर शोधलं. शेंगा संपल्या तरी सापडलं नाही. म्हातारीने सुपातले दाणे पाखडले, टरफलं फुंकली आणि आत निघून गेली. तिला उत्तराची गरज नव्हती. मला होती.

सकाळी आम्ही शाळेच्या कचेरीत पोचलो. भाऊ दिवाळीच्या शर्टात, काका टेरिलिनच्या पँटमध्ये, मी स्वच्छ फ्रॉकमध्ये आणि हातात घडाच्या जागी आत्याने दिलेली शेवेची पिशवी. बाहेर व्हरांड्यात बाहेरून बसणारे रांगेत होते: मिशा फुटलेले मुलगे, कडेवर बाळ घेतलेल्या बाया, आणि एक गृहस्थ जे माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते. आम्ही रांगेच्या बाजूने सरळ आत गेलो. रांगेने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही.

फॉर्म तयार होता. अक्षर सुंदर. कारणाच्या रकान्यात चुडामणसाहेबांनी 'कौटुंबिक अडचण' लिहिलं होतं आणि भाऊंना समजावलं की यात गरिबीही नाही आणि निधनही नाही, अडचण कोणाला नसते. भाऊंनी मान हलवली. मग साहेब विषय वाचू लागले. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामाजिक शास्त्रं.

"आणि शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र."

"विज्ञान राहिलं," भाऊ म्हणाले.

"विज्ञानाच्या ऐवजी हे." साहेबांचा चेहरा उजळला. ही त्यांची खास मेहेरबानी होती. "विज्ञान घेतलं की प्रयोगांची कटकट. शाळेत प्रयोग केल्याचा कागद लागतो, आणि शाळा तर सोडलेली. म्हणून मी मुलींना सरसकट हेच देतो. जेवणातली सत्त्वं, जखमेची मलमपट्टी, कपड्यांची निगा. सोपं. गुणही पडतात. आपल्या माणसाची पोरगी म्हणून मी स्वतः बदललं."

भाऊंनी फॉर्म आपल्याकडे ओढला. "पण हिला पुढे सायन्सला जायचंय. डॉक्टर व्हायचंय."

अकरावी सायन्सला दहावीचं विज्ञान मागतात, हे साहेबांना मान्य होतं. तोतारामकाका मात्र गडबडले नाहीत. ते म्हणाले, मग कॉमर्स. आजकाल कॉमर्सला तोड नाही, बँका सगळ्या कॉमर्सवर चालतात, आणि जळगावला कॉमर्स कॉलेजात आपला माणूस आहे. चुडामणसाहेब म्हणाले, किंवा डीएड. मुलींना डीएड उत्तम. काका म्हणाले, वर्ष तर वाचतंयच ना, मुख्य ते. माझे रोगी एका वाक्यात बरे न होता गेले. समोर पॅड आणि पेन आलं. पेनाचं टोपण साहेबांनी स्वतः काढून दिलं. सही माझी हवी होती.

भाऊंनी पेन माझ्याकडे सरकवलं नाही. त्यांनी ते आपल्या हाताखाली धरून ठेवलं. कंट्रोल रूममध्ये ते काय करतात हे मी कधी पाहिलेलं नाही, पण एखादा दिवा पेटत नाही किंवा भलताच पेटतो तेव्हा ते असेच बसत असतील.

"यशू," ते म्हणाले, "तू काहीच बोलत नाहीस. जुलैपासून बोलली नाहीस."

मला सांगायचं होतं की मी जुलैमध्येच बोलले होते आणि त्यातूनच हे सगळं झालं. पण ते वादाचं झालं असतं. माझा गुडघा टेबलाच्या पायाला लागून टेबल हलत होतं आणि शाईची दौत किणकिणत होती. काका म्हणाले, लहान आहे, घाबरलीय, तिला काय कळतंय, करा सही बेटा. हा घोळ इतके आठवडे मी गप्प राहून वाढवला होता. खूप वेळ शांत राहिलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसतो. मला साध्या आवाजात सांगायचं होतं. पण तो आवाज असा निघाला की टाइपरायटर थांबला, शिपाई दारात आला आणि व्हरांड्यातल्या रांगेने एकदम माना आत घातल्या. कडेवरचं बाळ रडायचं थांबलं.

"मला त्या तराजूने वजन करायचंय, भाऊ. काटा थांबेपर्यंत. मी नववीतच बसणार."